शिक्का मारलेली लेन्स

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांना अख्खा जिना काटेसाहेब म्हणतो. ते त्यांचं आडनाव नव्हे, नोकरी आहे. ते वजनमापे निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे खरं बोलतात की खोटं, ते बघायचं. हातात पितळी वजनांची लाकडी पेटी, खिशात पक्कड. काटा बरोबर निघाला की त्याच्या तारेला शिशाची गोळी लावून पकडीने दाबायची, की झाला शिक्का. त्यानंतर त्या काट्याच्या पोटात कोणी हात घालायचा नाही, खुद्द साहेबांनीसुद्धा नाही. सव्वीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते त्यांचं झालेलं आहे. घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख आहे. मी एकदा वाटीभर साखर परत द्यायला गेले, तर त्यांनी वाटी हातात घेऊन दोनदा वरखाली करून पाहिली. बरोबर आहे ना, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, थोडी जास्तच आहे, शेजारीणबाई. आणि चमचाभर काढून मला परत दिली.

असा माणूस संध्याकाळी घरी येऊन छंद धरणार तो कसला? फोटोग्राफीचा. त्यातही फोटो काढणं हे वरकड काम, मुख्य काम लेन्स तपासण्याचं. घराच्या लांब बोळाच्या टोकाला ते वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला चिकटवतात. दुसऱ्या टोकाला ट्रायपॉड, त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर गवंड्याची छोटी पाणसळ. मग त्या एकाच पानाचे तीस-चाळीस फोटो. मग ते संगणकावर मोठे करून, पानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचता येतात की नाही ते बघायचं. येत नसतील तर लेन्स दुकानात परत. त्यापायी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोला मी वहिनी म्हणते, त्यांनी बोळातून दबकत चालायची अशी सवय लावून घेतली आहे की पाव्हण्यांना वाटतं घरात कोणी झोपलं आहे.

बरं, एवढं करून घरच्यांचे फोटो तरी धड असावेत? लेकीच्या पाचव्या वाढदिवसाचा एक फोटो आहे. केकवरची अक्षरं कडेपर्यंत सुईसारखी स्पष्ट. लेक अर्धी कापली गेली आहे. मी तो फोटो बघून म्हटलं होतं, साहेब, केक कुणावर गेलाय? आईवर की बापावर? त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्या लेन्सचा उजवा कोपरा मऊ, म्हणजे जरा पुसट, होता, म्हणून महत्त्वाची वस्तू डावीकडे घेतली. लेक आता मोठी होऊन दूर नोकरीला गेली आहे आणि हा फोटो तिने सोबत नेलेला नाही, यात नवल नाही.

आता अक्कांविषयी. अक्का म्हणजे साहेबांची त्यांच्याकडेच राहणारी थोरली बहीण, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. साहेब चार वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून अक्कांनीच त्यांना वाढवलं. स्वतःचं लग्नबिग्न बाजूला राहिलं ते राहिलंच. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. अख्ख्या शहराने त्यांचा आवाज ऐकला असेल, पण चेहरा पाहिलेला माणूस विरळा. तो फोटोतही नाही. मी त्यांचे सगळे आल्बम चाळले आहेत, शेजारणीचं कर्तव्यच असतं ते. अक्का कुठे पोराची कॉलर नीट करायला वाकलेल्या, कुठे कडेला, कुठे दुसऱ्याच्या खांद्यामागे. आणि जिथे सापडल्या तिथे तोंडावर हात. त्यांच्या वरच्या दातांत एक दात दुसऱ्याच्या मांडीवर चढून बसलेला आहे. हसू आलं की उजवा हात आपोआप वर. त्या हाताआड एक गंमत आहे, ती फक्त रोज दुपारी त्यांच्याबरोबर चहा पिणाऱ्या बाईला, म्हणजे मला, माहीत. हसताना आधी ओठाचा डावा कोपरा उचलला जातो आणि बाकीचं तोंड मागून येतं, जणू त्या कोपऱ्याला विनोद इतरांच्या आधी कळला.

त्या डाव्या बाजूलाच, कानाच्या खाली, गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गाठ वाईट जातीची नाही, पण काढावी लागेल, आणि ती ओठ हलवणाऱ्या नसेला चिकटून बसली आहे. नस वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले, पण ओठाचा डावा कोपरा पुन्हा उचलला जाईल असं समजू नका. तारीख ठरली, तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार.

अक्कांनी हे मला चहाच्या कपावर बोटाने रेघ ओढत सांगितलं, रद्दीवाला उद्या येणार आहे इतक्या साध्या सुरात. संध्याकाळी साहेब ऑफिसातून आले, बूट काढत होते, तेव्हा त्यांना म्हणाल्या, "तुझ्या त्या कॅमेऱ्याने माझा एक फोटो काढून ठेव. हसतानाचा. ऑपरेशनच्या आधी. हात लावणार नाही तोंडाला, शब्द देते."

दुसरा कोणी असता तर एक बूट पायात असतानाच कॅमेरा घेऊन आला असता. साहेबांनी दोन्ही बूट काढले, जागेवर ठेवले, आणि म्हणाले की हातात आहे त्या लेन्सने हे काम होणार नाही.

खोटं कशाला सांगू, मला वाटलं तीन आठवडे पुष्कळ आहेत. करमणूक होईल म्हणून मी खूशच झाले.

पहिली लेन्स नवी होती, माणसांच्या चेहऱ्यांसाठीच बनवलेली, आपला फोकस आपणच धरणारी. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर नऊ काडेपेट्या तिरक्या ओळीत उभ्या केल्या, एकीच्या मागे दुसरी, आणि पाचवीवर नेम धरून फोटो काढला. स्पष्ट आली चौथी. पुन्हा काढला. पुन्हा चौथी. बावीस वेळा काढला, एकोणीस वेळा चौथी. म्हणजे डोळ्यावर नेम धरला तर लेन्स नाकावर बसणार. मी म्हटलं, साहेब, एका काडेपेटीचा तर फरक, एवढं कोण बघतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते शंभर ग्रॅम कमी तोलणाऱ्या किराणा दुकानदाराकडे बघत असतील. लेन्स परत गेली. दुकानदाराशी वाद, बदली लेन्सची वाट, ती आल्यावर पुन्हा काडेपेट्या. या भानगडीत आठवडा संपला.

दुसरी लेन्स छोटी होती, बटाट्याएवढी. ती तपासायला काडेपेट्या पुरेनात, माणूस लागला. अक्कांना बसवायला साहेब तयार नव्हते. त्यांचं हसू चाचणीत खर्च करायचं नाही, म्हणाले, आणि फार वेळ ताठ बसलं की त्यांना कानाखाली ठणकायचंही. वहिनींना स्वयंपाक होता. राहिले मी. खिडकीशेजारच्या खुर्चीत मला बसवलं आणि माझ्या नाकाचे इतके फोटो झाले की एखाद्या नटीने हेवा करावा. मग संगणकावर माझा चेहरा भिंतीएवढा केला. माझ्या गालावर काय काय आहे ते मला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं ते त्या दुपारी कळलं. त्या लेन्सला जवळ जावं लागायचं, आणि जवळ गेलं की नाक आधी पोचायचं, मी मागून. वहिनी डाव हातात घेऊन बघायला आल्या, बघितलं, आणि सरळ परत गेल्या. ही लेन्स माझ्या नाकासाठी मीच नापास केली.

अक्का पलंगावर बसून शब्दकोडं सोडवत हे सगळं बघायच्या. अधूनमधून एखादा शेरा. "शेजारीण, तुझं एक बरं आहे, तुला हसवायला कष्ट नाहीत." मी हसले की त्या हसायच्या, हात तोंडावर. आणि साहेब कॅमेऱ्याच्या मागे वाकून माझ्या पापण्या मोजत असायचे.

तारीख जवळ यायला लागली तशी वहिनींची धुसफूस वाढली. त्या माझ्यासारख्या तोंडाळ नाहीत, त्यांचा राग भांड्यांच्या आवाजात असतो. मी मात्र थेट अक्कांना म्हटलं, की तुम्ही दटावा ना, तुमचं ऐकतील. आणा म्हणावं कुठलाही कॅमेरा आणि काढा.

अक्का कोड्यावरची मान न उचलता म्हणाल्या, "फोटो काढला की तो दिवस आलाच असं वाटतंय त्याला. लहानपणी दवाखान्यात न्यायचं तर आधी मोजे सापडायचे नाहीत, मग टोपी. तसंच आहे हे. करू दे."

त्यानंतर दोन दिवस मी साहेबांना एकही टोमणा मारला नाही. आमच्या ह्यांना वाटलं मला ताप आला आहे.

तिसरी लेन्स जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मिळाली. मला साहेब सोबत घेऊन गेले होते, चेहरा म्हणून. दुकानदार म्हातारा, लेन्सा बिस्किटांच्या डब्यांत ठेवणारा. साहेबांनी खिशातून बॅटरी काढली, लेन्सच्या एका तोंडातून उजेड टाकला आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. आत बुरशी धरली असेल तर जाळ्यासारखी दिसते म्हणे. एक लेन्स, दुसरी, पाचवी. म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं की हे डॉक्टर आहेत का. मग निघाली ती धातूची, जड, काळी. आतून स्वच्छ. फोकस हाताने कडं फिरवून करायचा, आणि ते कडं लोण्यात फिरावं तसं फिरत होतं. कुठलं यंत्र मध्ये नाही, कोणाची चौथी काडेपेटी नाही. साहेबांनी माझा एकच फोटो काढला, तिथेच पाहिला, आणि हसले. तेव्हा मला जाणवलं की इतक्या दिवसांत ते हसलेच नव्हते.

हा शनिवार. बुधवारी सकाळी अक्कांना दाखल करायचं होतं.

सोमवारी सगळी मांडणी झाली. खिडकीला पातळ पांढरा पडदा, म्हणजे उजेड मऊ. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती चिकटपट्टी. साहेबांचा बेत असा, की कॅमेऱ्यामागे उभं राहिलं तर अक्का कॅमेऱ्याकडे बघून आखडणार. त्यापेक्षा आपण बाजूला स्टुलावर बसायचं, गप्पा मारायच्या, आणि हातातल्या बटणाने फोटो घ्यायचे. म्हणजे फोकस आधीच लावून ठेवायला हवा. त्यासाठी खुर्चीत कोण बसलं? मीच. साहेबांनी टेप लावून कॅमेऱ्यापासून माझ्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं, कडं केसाइतकं इकडे, केसाइतकं तिकडे केलं, पन्नासेक फोटो काढले. माझी प्रत्येक पापणी वेगळी दिसेपर्यंत. मग त्यांनी कड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, पेनाने त्यावर तारीख घातली, आणि खाली सही केली.

सही कशाला, साहेब, म्हणून मी विचारलं. तपासलं, म्हणाले. आता याला कोणी हात लावायचा नाही.

मंगळवारी दुपारी अक्का बसल्या. फिकट निळा स्वेटर, केस विंचरलेले, हात मांडीवर. साहेब स्टुलावर, मी त्यांच्या मागे, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. पहिला अर्धा तास कठीण गेला. साहेब अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, अक्का, अगदी नैसर्गिक हस. त्यावर अक्का म्हणाल्या, एकतीस वर्षं 'कृपया लाइनवर थांबा' म्हणत आले, मला नैसर्गिक कुठून येणार. मी माझे ठेवणीतले सगळे किस्से काढले, वरच्या मजल्यावरच्यांचे, खालच्या मजल्यावरच्यांचे, आमच्या ह्यांचे. ओठ हलायचे, पण हात उचलायचा नाही या काळजीत हसू मध्येच विरायचं. साहेबांच्या कपाळावर घाम.

आणि मग वहिनी बोलल्या. ज्या बाईने माझ्यासमोर पंधरा वर्षांत एक विनोद केलेला नाही, त्या दारातून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "अहो, अक्कांना शिक्का मारायचा राहिला का? तपासल्याशिवाय कशा हसतील त्या?"

अक्का मागे रेलून हसल्या. खुर्चीच्या पाठीला टेकून, मान वर करून, त्या चढलेल्या दातासकट. डावा कोपरा आधी, बाकीचं तोंड मागून. उजवा हात सवयीने वर आला, आणि छातीच्या थोडा पुढे हवेतच थांबला. शब्द दिला होता ना. साहेबांचा अंगठा बटणावर टकटक पडत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्या म्हणाल तर मी कांद्याला दोष देऊ शकले नाही, कांदा कोणी चिरत नव्हतं.

झालं, म्हणाले साहेब. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं. छान होतं. छोट्या पडद्यावर सगळंच छान असतं.

संध्याकाळी सहाला माझी बेल वाजली. दारात साहेब. वळून आपल्या घरात गेले, मी मागून. संगणकावर तो फोटो मोठा केलेला. अक्कांचा हवेत थांबलेला हात इतका स्पष्ट की बोटाच्या पेरावरची रेघन्‌रेघ मोजावी. त्या हातामागे हसरा चेहरा, धुक्यात. पुढचा फोटो, तेच. मागचा, तेच. हसतानाचे सगळे सतरा फोटो तसेच.

लेन्स चुकली नव्हती. लेन्सला जिथे सांगितलं होतं तिथे तिने बरोबर पाहिलं होतं. चुकली खुर्चीतली बाई. मी बसते ती नेहमी पुढे झुकून. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात जन्म गेला, पाठ टेकून बसायची सवयच नाही. अक्का बसतात ताठ, आणि हसतात तेव्हा मागे जातात. माझे डोळे होते तिथून अक्कांचा चेहरा चांगला वीतभर मागे. साहेबांनी अंतर माझं मोजलं होतं आणि शिक्का मारला होता. अर्ध्या तासात एकदा उठून कॅमेऱ्याच्या मागे डोळा लावला असता तर कळलं असतं. पण सही झालेल्या वस्तूला ते हात कसा लावणार?

"मी मागे टेकून बसायला हवं होतं," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, "नाही. मी तिला बसवायला हवं होतं."

अक्का बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग डोळ्यांवर आणून पाहिलं. त्या दिवशी बोलून, हसून त्यांना कानाखाली दुखत होतं, गोळी घ्यायची होती. साहेबांनी विचारलं, उद्या सकाळी निघायच्या आधी आणखी एक? एकच, म्हणाल्या अक्का.

बुधवारी सकाळी पडद्यातून उजेड येत होता, चिकटपट्ट्या जागच्या जागी होत्या. फक्त लेन्सवरची निघालेली होती. साहेब कॅमेऱ्यामागे उभे राहिले, डोळा लावून, कडं स्वतःच्या हाताने धरून. अक्का बसल्या. पायाशी दवाखान्याची पिशवी. मी म्हटलं काहीतरी, वहिनींनीही प्रयत्न केला, काल जमलेलं आज जमेना. अक्कांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी बटण दाबलं. तो फोटो सुईसारखा आला आहे. पापणी, सुरकुती, चष्म्याचा नाकावरचा वळ, सगळं. ओठ मिटलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला फाटकाशी सोडून परत फिरणाऱ्या बाईचा चेहरा असतो, तसा. अक्कांनी पिशवी उचलली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली. नस वाचली नाही.

शनिवारी साहेब मला फोटो छापणाऱ्याकडे घेऊन गेले. या वेळी चेहरा म्हणून नाही, सोबत म्हणून. अक्का सोमवारी घरी येणार होत्या. साहेबांनी सतरातला एक निवडून आणला होता आणि दोन फुटी छापा म्हणाले. छापणारा तरुण, चटपटीत. त्याने फोटो पडद्यावर घेतला आणि भुवया वर केल्या. साहेब, हा फोकसमध्ये नाही, म्हणाला, हात छान आलाय पण. एवढा मोठा केला तर कागद फुकट जाईल. दुसरा नाही का?

लेन्सच्या कोपऱ्यातलं एक अक्षर मऊ आलं म्हणून दुकानदारांना रडवणारा हा माणूस, तिथे उभा राहून एका धुरकट फोटोची वकिली करत होता. दुसरा नाही, म्हणाले. हाच.

तरुणाने मदत करावी म्हणून संगणकावर काहीतरी केलं. चेहऱ्याच्या कडा गडद झाल्या, डोळे काजळ घातल्यासारखे, दात एकेक सुटा. आता बघा, म्हणाला.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "ह्या कोण?"

तरुणाने केलेलं पुसलं. कुरकुरत का होईना, दोन फुटी छापून दिला. साहेबांनी तो माझ्या हातात दिला, छातीशी धरा म्हणाले, हलू नका. आणि ते मागे सरकायला लागले. काउंटरपासून दारापर्यंत. मग दार उघडून बाहेर. मग फुटपाथवर. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, मी हातात हसरी बाई धरून उभी. फुटपाथच्या कडेला साहेब थांबले. डोळे बारीक केले. अर्धं पाऊल पुढे आले, अर्धं मागे गेले. मग तिथेच उभे राहिले, जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट न देता.

परत आले ते पावलं मोजत. इथून तेहतीस फूट, म्हणाले. तिथून धूर जातो. तिथून अक्का दिसते. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांनी खिशातल्या वहीत आकडेमोड केली. अक्कांच्या पलंगापासून समोरची भिंत अकरा फूट. म्हणजे तिपटीने जवळ. म्हणजे फोटो तिपटीने लहान.

लहान करा, म्हणाले. तरुणाला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. मग एक छापला, साहेबांनी दुकानात अकरा फूट मोजून पाहिला, अजून थोडा लहान. असे चार झाले. तरुणाने मला हळूच विचारलं की हे नक्की काय करतात. काटे तपासतात, म्हटलं. त्याला काही उलगडा झाला नाही, पण पाचव्याला तो स्वतःच अकरा फुटांवर जाऊन उभा राहिला.

पाचवा तळहाताहून थोडाच मोठा होता.

सोमवारी अक्का आल्या. मानेला पट्टी, गाल सुजलेला, आठ दिवस बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. पलंगावर उशी लावून त्यांना बसवलं. समोरच्या मोठ्या रिकाम्या भिंतीवर मधोमध तो एवढासा फोटो. अक्का बघत राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्याकडे. मग त्यांनी उशाशी ठेवलेली वही घेतली आणि लिहिलं, "एवढासाच?"

साहेबांनी खुर्ची ओढली, टेप काढला आणि अगदी पहिल्या काडेपेटीपासून सुरुवात केली. सांगता सांगता फुटपाथवर आले तोवर वहिनींचा चहा उकळून गेला होता. तेहतीस भागिले तीन झाल्यावर अक्कांचे खांदे हलायला लागले. ओठाचा उजवा कोपरा वर गेला, डावा जागेवर राहिला. साहेब बोलायचे थांबले नाहीत. मात्र भिंतीकडे दाखवत होते तो हात त्यांनी खाली घेतला, आणि फोटोऐवजी अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत उरलेलं गणित सांगितलं.